माईणकरांचं आपसूक यंत्र

जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या त्या सहा बिऱ्हाडांच्या बिल्डिंगमध्ये स्वतः बिअर न पिता बाकी सगळ्यांना पाजणारा एकच माणूस होता, देवदत्त माईणकर. पीत नसे म्हणजे व्रतबित काही नाही. पित्त. अर्धा ग्लास पोटात गेला की रात्रभर उशीला टेकून बसायची पाळी. त्यामुळे माईणकरांच्या घरी फडताळात वर बिअरच्या बाटल्या आणि खाली पित्ताच्या गोळ्या, असा दोन मजली संसार.

मग हा गृहस्थ बिअर करतोच कशाला, असं तुम्ही विचाराल. तर त्याचं कारण एवढंच, की त्याला नाही म्हणता येत नाही. खरं तर इथेच त्याचं चरित्र संपतं. पण एवढ्यावर थांबलं तर मग शेजार कसला!

सुरुवात तळमजल्यावरच्या हेर, म्हणजे मिस्टर, फ्लायडररपासून झाली. हा म्हातारा विधुर, बिल्डिंगचा स्वयंघोषित कोतवाल. जिन्यात कोणाची सायकल टेकली, कोणाच्या कचऱ्यात काच गेली, सगळ्याची खबर त्याला. बायको गेल्यावर तिचं मुरांबे करायचं मोठं इनॅमलचं पातेलं त्याच्याकडे नुसतंच पडलं होतं. खाली विजेची शेगडी जोडलेलं, चांगलं रांजणाएवढं. ते घेऊन तो एक दिवस देवदत्तच्या दारात उभा राहिला. "तुम्ही इंजिनिअर आहात. ह्यात बिअर करता येते म्हणतात."

देवदत्त म्हणाला, "जा, जा, नक्की." जर्मनमध्ये 'जा' म्हणजे हो.

असंच तो सगळ्यांना म्हणायचा. श्टुटगार्टच्या मंडळाच्या गणपतीचं वायरिंग? हो. मंडळातल्या मीनलचं सामान तिसऱ्या मजल्यावर चढवायचं? हो. कंपनीत गाड्यांचे भाग तपासायची मोठमोठी यंत्रं उभी करायचं त्याचं काम, यंत्र अडलं की सुट्टीच्या दिवशीही फोन यायचा, आणि देवदत्त तोंडातला घास तसाच ठेवून म्हणायचा, "जा, बघतो." वयाची पन्नाशी अजून लांब होती, पण खांदे मात्र केव्हाच तिथे जाऊन पोचले होते.

पहिली बिअर बरी झाली, हेच त्याचं दुर्दैव. बिघडली असती तर माणूस सुटला असता. फ्लायडररने मिशी पुसत, "पिता येते," असं सांगितलं. श्वाबियातल्या, म्हणजे ह्या भागातल्या, माणसाच्या तोंडून ह्याहून मोठी स्तुती आजवर कोणी ऐकलेली नाही. झालं. तिथून कोणाचा वाढदिवस, कोणाच्या पोराची परीक्षा, मंडळाची सहल, काही निघालं की माईणकरांची बिअर.

आणि बिअर करणं म्हणजे काही चहा टाकणं नव्हे. जवाला मोड आणून, वाळवून, भरडलेला माल कोमट पाण्यात घालायचा. मग ह्या तापमानाला इतका वेळ, त्या तापमानाला तितका वेळ, असं चढवत न्यायचं, आणि सबंध वेळ घोटत राहायचं. पुरणसुद्धा इतका जीव घेत नाही. मग गाळायचं, हॉप्सची कडू फुलं घालून खळखळा उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालायचं. आणि शेवटी जे खरं काम, ते म्हणजे घासणं. पातेलं घासा, नळ्या घासा, बाटल्या घासा. दिवस तिथेच संपतो.

हा कारभार चालायचा तळघरातल्या धुण्याच्या खोलीत. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाला कपडे धुवायला एकेक वार ठरलेला, आणि प्रत्येकाचा भिंतीवर वेगळा प्लग. त्या प्लगची वीज ज्याच्या त्याच्या मीटरवर, त्याचं बटण ज्याच्या त्याच्या घरातल्या फ्यूजच्या पेटीत. कोणी कोणाचं वीजबिल खाऊ नये म्हणून ही व्यवस्था फ्लायडररनेच लढून करवून घेतली होती. माईणकरांचा वार शनिवार. शनिवारी तिथे बिअर शिजू लागली आणि माईणकरांच्या चादरी बेवारशी झाल्या. ऊर्मिला बादली कमरेला लावून दुसऱ्यांच्या वारांवर तासाभराची उष्टी जागा मागत जिने चढायची-उतरायची. एवढं करून कपड्यांना मालाचा वास यायचा तो यायचाच. लेक ईश्वरी, दहावीतली, टी-शर्ट हुंगून जर्मनमधून किंचाळायची. तिला मराठी सगळं समजे, पण रागवायचं झालं की ती जर्मनमध्येच रागवे.

एका हिवाळ्यातल्या शनिवारी ऊर्मिला अशीच बादली घेऊन खाली आली. देवदत्त वाफेत उभा राहून घोटत होता. चष्म्यावर धुकं, कपाळावर घाम. ती दारातच थांबली.

"अहो, आपल्याकडे शनिवार नावाचा एक वार होता. तो कुठे ठेवलाय तुम्ही?"

देवदत्तने चष्मा काढला. तसंही त्यातून काही दिसत नव्हतंच.

"मी यंत्र करतो," तो म्हणाला. "सगळं आपोआप करणारं. ते झालं की शनिवार तुझा."

"म्हणजे शनिवार हवा म्हणून आधी आणखी शनिवार लागणार."

"थोडेच."

ते थोडे शनिवार वसंत ऋतू लागेपर्यंत चालले. गाड्यांच्या भंगारातून त्याने काचेवरच्या वायपरची मोटर आणली. ती पातेल्याच्या झाकणावर उलटी बसवली आणि तिला लाकडी उलथनं बांधलं. ही झाली घोटणारी. खिडकीचे पडदे गुंडाळायची एक जुनी मोटर छताला टांगली. ती मालाची जाळीची टोपली वेळ झाली की आपसूक वर उचलणार आणि निथळत धरणार. मोडक्या वॉशिंग मशीनचा पंप आला. तापमान मोजायची काडी आली. बिस्किटाएवढ्या एका इलेक्ट्रॉनिक पट्टीत सगळं डोकं भरलं. राहता राहिला हॉप्सचा प्रश्न. ती फुलं तीन वेळा थोडी थोडी उकळत्या रसात पडायला हवीत.

"अहो, मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या कुठायत?" एका सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला.

"कुठल्या?"

"मोहरीची, जिऱ्याची आणि हळदीची. डब्यात नुसती भोकं दिसतायत मला."

वाट्या तळघरात होत्या. प्रत्येकीच्या बुडाशी एकेक चिमुकली मोटर. वेळ झाली की वाटी नमस्कार घातल्यासारखी पुढे वाकायची आणि हॉप्स रसात. पहिल्या खेपेच्या बिअरला हळदीचा जरा रंग आला, तर फ्लायडरर म्हणाला, "ह्या वेळची सोनेरी झालीय."

तर यंत्र झालं. खरोखर झालं. एक बटण दाबायचं की ते तापे, घोटे, उचले, उकळे आणि गारही करी. बिल्डिंगमधली झाडून सगळी बघायला येऊन गेली. ऊर्मिलाही आली. त्या शनिवारी तिने चांगली साडी नेसली होती, कारण शनिवार आता तिचा होता. खाली येऊन बघते तर यंत्र चाललंय आणि समोर स्टुलावर देवदत्त बसलाय.

"हे आपोआप चालतं ना?"

"चालतं ना. अगदी गेनाऊ, बरोब्बर."

"मग तुम्ही कशाला बसलात?"

"लक्ष ठेवतोय."

"कशावर?"

"आपोआप चालतंय ना, त्यावर."

दूध तापत ठेवलं की पाठ फिरवायची नाही, हे ऊर्मिलाला तिच्या आईने शिकवलं होतं; पण दूध निदान दहा मिनिटांत उतरवता येतं. हा माणूस दिवसभर बसून होता. पूर्वी तो घोटून दमायचा, आता न घोटता दमत होता. पूर्वी निदान हात दुखतात म्हणता यायचं. आता काय दुखतं तेही सांगता यायचं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांची यंत्रं राखून राखून त्याला एकच गोष्ट पक्की कळली होती: उठलास की अडलं. तो स्टुलावरून पाणी प्यायलादेखील उठत नसे. आणि यंत्रामुळे काम हलकं झालं अशी बातमी पसरल्यावर मागण्या दुप्पट झाल्या, हे वेगळं सांगायला नको. बाटल्या घासणारं यंत्र मात्र त्याने केलेलं नव्हतं.

जूनमध्ये लग्नाला वीस वर्षं होत होती. दिवस शनिवारचा. बोडनझे नावाचं मोठं सरोवर तिथून गाडीने दोनेक तासांवर. आल्यापासून जायचं जायचं म्हणून राहिलेलं. ऊर्मिलाने सांगून टाकलं, त्या दिवशी मेअर्सबुर्गला जायचं, काठावर बसायचं, बोटीतून फिरायचं. दोघांनीच. ईश्वरी डिट्झिंगेनला मैत्रिणीकडे राहील. देवदत्त म्हणाला, हो.

त्याच आठवड्यात जिन्यात फ्लायडररने त्याला गाठलं. जुलैत त्याची ऐंशी भरत होती, अंगणात सगळ्या बिल्डिंगला जेवण, आणि बिअर अर्थातच हेर माईणकरांची. बिअर मुरायला चार आठवडे हवेत. मागे मोजत गेलं तर शिजवायला नेमका तोच शनिवार उरत होता. देवदत्तने नाही म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते "जा, नक्की" असंच होतं.

ऊर्मिलाला हे कळलं ते खुद्द फ्लायडररकडून. तो तिच्याकडे आभार मानायला आला होता.

संध्याकाळी तिने आरडाओरडा केला नाही. देवदत्तला आरडाओरडा परवडला असता. ती समोर बसून मटार सोलत म्हणाली, "मी जाणार आहे. तुम्ही खाली स्टुलावर बसलात तर एकटी जाईन. गाडी येते मला. पण एक सांगते. एकटीनं जायची सवय लागली ना, की मी मग परत कधी विचारणार नाही. तुम्ही सुटाल, मीही सुटेन."

देवदत्तने एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"दोन्ही होईल," देवदत्त म्हणाला. "सकाळी यंत्र लावतो आणि निघू. ते करेल एकटं. काही बिघडलं तर माझ्या फोनवर भोंगा वाजेल. नाही वाजला तर समजायचं, सगळं ठीक."

"फोन माझ्या पर्समध्ये राहील."

"बरं."

"आणि वाजल्याशिवाय मागायचा नाही."

"बरं," तो म्हणाला. पुढचे सगळे दिवस त्याने भोंग्यांतच घालवले. रस उतू गेला तर भोंगा, पंप कोरडा पडला तर भोंगा, जमिनीवर पाणी आलं तर भोंगा. यंत्रावर जी जी आपत्ती येऊ शकते तिची तिची त्याने सोय केली. मिरजेहून अप्पांचा फोन आला, तर त्यांच्याशीसुद्धा हाच विषय.

हे अप्पा म्हणजे देवदत्तचे वडील, भास्करराव. उभी हयात वीज मंडळात गेली. घर सोडून कुठे जायचं झालं, अगदी सांगलीला लग्नाला, तरी सगळ्यांना पायऱ्यांवर उभं करून अप्पा एकटे परत आत जायचे, आणि खट्ट असा आवाज आला की मंडळी चालू लागायची. मेन पाडल्याशिवाय त्यांनी उंबरा ओलांडला नाही. पोरांच्याही हाताला तेच वळण लावलं. देवदत्तने जर्मनीत येऊन त्यात एवढीच सुधारणा केली होती, की फ्रीजचं बटण तेवढं वर ठेवायचं.

शनिवार उजाडला. देवदत्त पहाटेच खाली गेला, माल घातला, बटण दाबलं. वायपर डुलू लागला. काडीवरचा आकडा हळूहळू चढू लागला. त्याने यंत्राकडे असं पाहिलं, जसं लोक विमानतळावर पोराकडे पाहतात. मग वर येऊन अंघोळ केली. ऊर्मिला दारात तयार होती, हातात डब्याची पिशवी, गाडीची किल्लीही तिच्याकडेच.

"तुम्ही झोपा बाजूला बसून. गाडी मी चालवते. चला."

"चल," म्हणत त्याने बूट घातले, फ्यूजच्या पेटीचं दार उघडलं, बोटाने ओळीतली बटणं पाडली, फ्रीजचं ठेवलं, आणि दार ओढून घेतलं.

हे बोटाने केलं. देवदत्त त्या वेळी मनाने तळघरात होता.

मेअर्सबुर्गला ऊन पडलं होतं. धक्क्यावर बाकं होती, पलीकडे स्वित्झर्लंडचे डोंगर धुरकट दिसत होते. पहिला तासभर देवदत्तची नजर सरोवराकडे कमी आणि पर्सकडे जास्त. पर्स गप्प. ऊर्मिलाने थालीपीठं काढली. ती बिअरच्याच चोथ्याची होती. दर खेपेला उरलेला जवाचा चोथा वाळवून, दळून, चाळून ती भाजणीत ढकलायची, म्हणजे निदान काहीतरी आपल्या पोटात जावं.

"वाजला नाही," देवदत्त म्हणाला.

"नाही."

"म्हणजे आता ते टोपली वर उचलत असेल."

"असेल. लोणचं घ्या."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "उकळायला लागलं असेल. पहिली वाटी पडली असेल."

"कुठली?"

"मोहरीची."

ऊर्मिला हसली. पुष्कळ दिवसांनी हसली म्हणून तोही हसला. आणि मग त्याच्या आत काहीतरी सैल पडलं. यंत्र एकटं चाललं होतं. तो नव्हता, तरी चाललं होतं. जगात निदान एक तरी गोष्ट त्याच्यावाचून नीट होत होती. त्याने पाय लांब केले. बोलता बोलता मान कलंडली आणि तो ऊर्मिलाच्या खांद्यावर झोपला, तोंड उघडं टाकून, गाढ. त्यांची तिकिटं ज्या बोटीची होती ती आली, भोंगा वाजवून निघून गेली. त्या भोंग्यानेही तो हलला नाही. ऊर्मिलाचा हात बधिर झाला होता. तिने तो तसाच ठेवला. नंतरचीही बोट जाऊ दिली.

घरी आले तेव्हा उजेड होता. जिना चढून देवदत्तने दार उघडलं, पेटी उघडली आणि सवयीने बटणं वर केली. खट्ट, खट्ट, खट्ट. राउटरचे दिवे लुकलुकले. आणि अर्ध्या मिनिटाने ऊर्मिलाच्या पर्समधून फोन एकदम किंचाळू लागला.

देवदत्त पेटीसमोर तसाच उभा राहिला. त्याने आपल्या बोटाकडे पाहिलं.

"काय झालं?" ऊर्मिलाने विचारलं.

"तळघरातल्या प्लगचं बटण," तो म्हणाला. "मीच पाडलं."

खाली वायपर नुकताच पुन्हा हलायला लागला होता. माल तसाच पातेल्यात, दिवसभर कोमट होऊन बसलेला. हळदीची, जिऱ्याची, मोहरीची, तिन्ही वाट्या हॉप्सनी भरलेल्या, एकीनेही नमस्कार घातलेला नव्हता. झाकण उचललं तर आंबिलीसारखा वास आला. ज्याला वीजच नाही ते यंत्र भोंगा कुठून वाजवणार? गप्प यंत्राला ठीक समजू नका, हे कामावर नव्या मुलांना हाच देवदत्त सांगायचा.

त्याने यंत्र बंद केलं आणि स्टुलावर बसला. ऊर्मिला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली.

"म्हणजे हे दिवसभर बंद होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्हीही."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं.

"उद्या करता येईल," तो म्हणाला. पण हे म्हणतानाच त्याचे खांदे खाली आले. "रविवारी मोटर चालवता येत नाही, इथे आवाजाला मनाई. हाताने करावं लागेल. पहाटे सुरू केलं तर..."

ऊर्मिला उठली. रागावली नव्हती, रागवायलाही थोडी ताकद लागते. "करा," म्हणाली. "मी चादरी कुठे धुवायच्या ते बघते." आणि वर निघाली.

तिची पावलं दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आली. देवदत्तने भिंतीला टेकवून ठेवलेलं जुनं लाकडी उलथनं पाहिलं. दुपारी त्या बाकावर कसं वाटलं होतं ते त्याला अजून आठवत होतं. आठवत होतं म्हणण्यापेक्षा मानेला कळत होतं; मान एका बाजूने अवघडली होती, आणि ते दुखणं कसं कोण जाणे, बरं वाटत होतं. त्या दुखण्यासकट तो उठला, तळमजल्यावर आला आणि फ्लायडररची बेल वाजवली.

म्हाताऱ्याने दार उघडलं. देवदत्तने घसा साफ केला. मोठ्या साहेबासमोर यंत्र बंद पडलं तेव्हाही त्याला इतका घाम फुटला नव्हता.

"हेर फ्लायडरर, तुमच्या वाढदिवसाला माझी बिअर नसेल. आजची बिघडली. उद्या करता येईल, पण मी करणार नाही. नाइन." जर्मनमधलं 'नाही' त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "मग मी दुकानातून पेट्या आणतो."

"एवढंच?"

"आणखी काय? पेट्या आणायला माझा पुतण्या आहे." दार लावता लावता तो थांबला. "आणि हेर माईणकर, ह्या आठवड्याचा जिना तुमच्याकडे आहे. तळघरासकट. अजून झाडलेला नाही."

देवदत्त तिथेच थोडा वेळ उभा राहिला. इतकी वर्षं ज्याच्या भीतीने तो हो म्हणत आला ते हे एवढंसं होतं. पेट्या. त्याला हसू यायला हवं होतं, पण आला तो थकवाच, अंगभर, सावकाश. मग त्याने झाडू आणला आणि वरपासून खालपर्यंत जिना झाडायला घेतला. माईणकरांच्या दारापाशी आल्यावर ऊर्मिलाने दार उघडलं.

"त्यांना नाही म्हणालो," तो म्हणाला.

"कोणाला?"

"फ्लायडररला."

ऊर्मिलाने झाडूकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग हे काय चाललंय?"

"ही पाळीच आहे आपली. ह्याला नाही म्हणता येत नाही."

"केरभरणी राहिली," म्हणून ती आत गेली आणि केरभरणी घेऊन बाहेर आली.

पुढच्या शनिवारी धुण्याच्या खोलीत चादरी होत्या. दोरी एका बाजूने खिळ्याला आणि दुसऱ्या बाजूने छतावरच्या पडद्याच्या मोटरीला बांधलेली. तीन वाट्या डब्यात परत गेल्या होत्या. सकाळी देवदत्त उठला, चहा घेतला आणि पेटीपाशी गेला. कुठेही जायचं नव्हतं. तरी त्याने दार उघडलं, बटणं पाडली, फ्रीजचं ठेवलं, आणि येऊन पलंगावर आडवा झाला. कंपनीचा फोन कुठेतरी कोटाच्या खिशात होता.

पलीकडच्या खोलीतून ईश्वरी ओरडली, "पापा! दास वेलान इस्ट वेक!"

"काय म्हणतेय?" ऊर्मिलाने विचारलं. तिला समजलं होतं.

"इंटरनेट गेलंय म्हणे," देवदत्त म्हणाला आणि कूस बदलली.